शिकारीसाठी ससाणा निवडायचा तर कोणता? (भाच्याचा प्रश्न आणि आजोबांची टोपी)

सुरसागरकाठ (बडोदे) – १४ डिसेंबर

मंडळी, या धाग्यात तुमची मदत हवी आहे.

माझा भाचा लेस्टरला असतो. तिथे त्याला बाजदारीचा, म्हणजे शिकारी पक्षी शिकवून त्यांच्याकरवी शिकार करण्याचा, नाद लागला. दोन वर्षं एका जुन्या बाजदाराकडे शनिवार-रविवार जातोय, पक्ष्यांची विष्ठा साफ करण्यापासून सगळं करतोय. आता स्वतःचा ससाणा घ्यायचं म्हणतो. तिथे कायद्याने चालतं. पक्षी पैदास केंद्रातला असतो, पिल्लूपणीच पायात न निघणारं कडं घातलेलं असतं, कागद असतात. त्याच्या यादीत चार नावं आहेत: बहिरी (पेरेग्रीन), लगड (लॅगर), चरग (सेकर) आणि खरूची (केस्ट्रेल). मन बहिरीवर बसलंय.

त्याने मलाच का विचारलं, तर माझ्याकडे आजोबांची टोपी आहे. आजोबा काठेवाडातल्या एका संस्थानात दप्तरात कारकून होते. नोकरी सुटली तेव्हा तिथल्या मीरशिकाराने, म्हणजे शिकारखान्याच्या प्रमुखाने, त्यांना ससाण्याची टोपी आठवण म्हणून दिली. अक्रोडापेक्षा किंचित मोठी. एकाच चामड्याच्या तुकड्याची, डोळ्यांच्या जागी दोन फुगवटे, चोचीला खाच, डोक्यावर कातड्याचा शेंडा. मागच्या दोन वाद्या दातात धरून ओढायच्या म्हणजे टोपी आवळते, असं आजोबा सांगायचे. ती कोणत्या जातीच्या पक्ष्याची होती, ते मात्र कोणी विचारून ठेवलं नाही.

मला वाटतं भाच्याने लगड घ्यावा. आपल्याकडचा पक्षी आहे. पण हे झालं मावशीचं प्रेम. जाणकारांनी सांगावं, निवड ठरते कशावर?

अबोली – १४ डिसेंबर

बहिरी ससाण्याला खरंच ऐकू येत नाही का? लहानपणापासून पडलेला प्रश्न आहे, आज योग्य धागा सापडला :)

मामासाहेब (दांडिया बाजार) – १४ डिसेंबर

अबोलीताई, कान चांगले शाबूत असतात त्याचे. 'बहरी' म्हणजे समुद्राकडचा. हिवाळ्यात दूरवरून येणारा पाहुणा, म्हणून ते नाव. मराठीत तोंडात बसता बसता बहिरी झाला. आपला बारमाही राहणारा भाईबंद तो शाहीन, म्हणजे राजेशाही.

जुन्या बाजदारांची पहिली वाटणी जातीवरून नसे, डोळ्यांवरून असे. काळ्या डोळ्यांचे ते सियाह-चश्म, पिवळ्या डोळ्यांचे ते गुलाब-चश्म. काळ्या डोळ्यांत सगळे ससाणे आले: बहिरी, शाहीन, लगड, चरग, तुरुमती. पिवळ्या डोळ्यांत बाज, बाशा, शिक्रा. काळ्या डोळ्यांचा पक्षी उघड्या आभाळात वरून पडतो, पिवळ्या डोळ्यांचा झाडीतून हातावरून सुटतो. भाचेबुवांना आधी विचारा, तुमच्याकडे आभाळ आहे की झाडी?

रानवाटा (पुणे) – १४ डिसेंबर

मामासाहेबांनी मुद्द्यालाच हात घातला. लोक पक्ष्यापासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात. आधी जमीन, मग त्या जमिनीवरचं सावज, मग तुमच्याकडचे तास. या तिन्हींतून जे उरेल तो पक्षी.

बहिरीची शिकार कशी असते ते सांगतो, म्हणजे कळेल. टोपी काढून सोडला की तो वर चढतो. शंभर, दीडशे, कधी त्याहून जास्त मीटर. तिथे तो बाजदाराच्या आणि कुत्र्याच्या डोक्यावर गोल फिरत थांबतो. कुत्रा गवतात तितराचा माग काढून स्तब्ध उभा राहतो. बाजदार तितर उठवतो आणि वरून ससाणा पंख मिटून खाली येतो. या सुरकांडीत ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे वेग गेल्याच्या नोंदी आहेत. आता यात काय काय लागलं? मैलभर मोकळं रान, शिकवलेला कुत्रा, भरपूर तितर किंवा ग्राउझ, आणि तो वाऱ्यावर निघून गेला तर शोधायला शेपटीवर ट्रान्समीटर. स्कॉटलंडच्या माळांवर हे जमतं. लेस्टरच्या आसपास लहान लहान शेतं आणि त्यांना झुडपांचे कुंपण. तिथे पहिल्याच तितराच्या मागे बहिरी तीन कुंपणं ओलांडून दिसेनासा होईल.

नर्मदा_लेक (राजपिपळा) – १५ डिसेंबर

मला हा विषयच पटत नाही. ज्या पक्ष्याला आपण वाचवायला बघतो त्याला हातावर बांधून दुसऱ्या पक्ष्यांवर सोडायचं, आणि त्याला परंपरा म्हणायचं? लगड आज संकटाच्या उंबरठ्यावरच्या जातींत आहे. चरग तर धोक्यात आलेल्या जातींत. असे धागे वाचून इथला एखादा मुलगा घरट्यावर चढेल, त्याची जबाबदारी कोणाची?

रानवाटा – १५ डिसेंबर

ताई, तुमची काळजी रास्त आहे, म्हणून मोठ्या अक्षरांत समजावं असं लिहितो. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हे सगळं बंद आहे. ससाणे अनुसूची १ मध्ये आहेत. कायद्यातला 'शिकार' हा शब्दही मारण्यापुरता नाही. पकडणं, फासा लावणं, अंडी काढणं, घरटं विस्कटणं, सगळं त्यात येतं. शिक्षा ३ ते ७ वर्षे कैद. त्यामुळे 'भारतात शिकारीसाठी कोणता ससाणा' या प्रश्नाचं उत्तर एका शब्दाचं आहे: कोणताच नाही.

पण दुसरी बाजूही तुम्ही पाहावी. डीडीटी या कीटकनाशकामुळे अंड्यांची कवचं पातळ होऊन अमेरिकेच्या पूर्व भागातून बहिरी नाहीसा झाला होता. तो परत आणला त्यात बाजदार पुढे होते. १९७० साली पेरेग्रीन फंड उभा राहिला तो टॉम केड या बाजदार-प्राध्यापकाच्या पुढाकाराने. पिंजऱ्यात जोडी लावायची कशी, पिल्लाला माणसाची सवय न लावता वाढवून उंच पेटीतून सोडायचं कसं, ही विद्या बाजदारांच्या हातात होती. १९९९ मध्ये अमेरिकेने बहिरीला संकटग्रस्त यादीतून बाहेर काढलं.

वाळवंटी (अबूधाबी) – १५ डिसेंबर

बावीस वर्षं इथे आहे. इथल्या लोकांचा जीव चरगात. कारण सावज आहे तिलोर, माळढोकाचा लहान भाईबंद, आणि रान आहे वाळवंट. तिलोर जमिनीवर धावतो, दबतो, मग उडतो, लांब लांब पळवतो. त्यासाठी चिकाटीचा, उन्हाला टिकणारा, जमिनीलगत पाठलाग करणारा पक्षी हवा. चरग तसा आहे. आणि मादीच हवी, कारण ससाण्यांत मादी नरापेक्षा मोठी.

जुन्या बदूंची, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या अरबांची, रीत मला फार आवडते. शरदात स्थलांतर करणारा चरग पकडायचा, दोन-तीन आठवड्यांत हातावर आणायचा, हिवाळाभर त्याच्या जोरावर मांस मिळवायचं आणि वसंतात सोडून द्यायचा. उन्हाळ्यात त्याला पोसायला त्यांच्याकडे होतं काय? १९९५ पासून शेख झायेद यांच्या नावाने ससाणे परत निसर्गात सोडण्याचा कार्यक्रमही चालतो. आता बहुतेक पक्षी पैदास केंद्रांतले, जायर (उत्तर ध्रुवाकडचा मोठा ससाणा) आणि चरगाचे संकरही खूप. प्रत्येकाला स्वतःचा पासपोर्ट. मी विमानात माझ्या पुढच्या रांगेत टोपी घातलेले चार ससाणे बसलेले पाहिले आहेत. पूर्ण प्रवासात एकाचाही आवाज नाही.

पण लेस्टरच्या चिखलात आणि कुंपणांत चरग? नको. वाळवंटाचा पक्षी वाळवंटात शोभतो.

पक्षीवैद्य (आणंद) – १६ डिसेंबर

खरूचीबद्दल लिहितो, कारण 'लहान पक्षी म्हणजे सोपा' हा गैरसमज जीव घेतो. खरूचीचं वजन साधारण दोनशे ग्रॅम. ससाणा उडायला आणि परत यायला तयार असतो ते एका ठरावीक वजनावर. त्याहून जड असला तर हाताकडे बघत नाही, हलका झाला तर अशक्त होतो. हजार ग्रॅमच्या बहिरी मादीत पाच ग्रॅम इकडे-तिकडे झाले तर फरक पडत नाही. खरूचीत तेच पाच ग्रॅम थंडीच्या रात्री आयुष्याचा प्रश्न होतात. रोज सकाळी तराजू, रोज वहीत नोंद. रात्री खाल्लेल्या पिसा-हाडांची गोळी सकाळी टाकली का, ती घट्ट आहे की चिकट, विष्ठा पांढरी आहे की हिरवी, हे सगळं पाहून मगच त्या दिवशीचं खाणं ठरतं. शिवाय खरूची शिकार करते ती टोळ, उंदीर, पालींची. त्याला 'शिकारीचा पक्षी' म्हणणं कठीण.

बापू_ग्वाल्हेर – १६ डिसेंबर

वैद्यबुवांचं वाचून एक जुनी गोष्ट सांगतो. आजवर कोणाला सांगितली नव्हती.

मी नववीत असताना ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आमच्या वाड्यामागच्या कडुलिंबावर शिक्र्याचं घरटं होतं. वादळात पिल्लू पडलं. मी ते परत वर ठेवायला हवं होतं. ठेवलं नाही, घरात लपवलं. रोज मटणाचे स्वच्छ तुकडे द्यायचो, हाड काढून, कारण घशात अडकेल अशी भीती. महिनाभर ते छान वाढलं. पिसं आली, डोळे पिवळे झाले, माझ्या मनगटावर बसायला लागलं. मग एक दिवस उभं राहीना. पाय धनुकलीसारखे वाकले. एक पंख नुसता फडकावला तर मोडला. पुढच्या आठवड्यात गेलं. खूप वर्षांनी कळलं की हाडाशिवाय नुसतं मांस दिलं की चुना मिळत नाही आणि वाढणारं हाड मऊ पडतं. त्याच्या आईने त्याला पालीसकट, पिसांसकट सगळं भरवलं असतं. आजही मटण आणायला गेलो की ते पाय दिसतात.

कोणी पिल्लू उचलू नका. पडलं असेल तर टोपलीत घालून त्याच झाडाला बांधा, आई येते.

अबोली – १६ डिसेंबर

बापू, हे लिहिलंत ते बरं केलंत. माझा मुलगा परवाच विचारत होता 'शिक्रा पाळता येतो का'. त्याला वाचून दाखवलं, तो गप्प झाला.

नर्मदा_लेक – १६ डिसेंबर

बापूकाका, टोपलीची ती ओळ शाळांत सांगायला हवी. मी सांगेन.

मामासाहेब – १७ डिसेंबर

लगडाबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून मी बोलतो. आपल्या पक्ष्याची बाजू मांडायलाच हवी.

लगड हा बहिरीपेक्षा हलका आणि ऐसपैस पंखांचा. डोक्यावर तांबूस छटा, डोळ्याखाली बारीक मिशी. एकेकाळी गावांच्या कडेला, कावळ्या-घारींच्या जुन्या घरट्यांत सर्रास असायचा. कबुतर, पारवा, होला, कच्छात सांडा, जे मिळेल ते. माणसाची भीती लवकर मोडते, टोपी लवकर घेतो. म्हणून शिकाऊ बाजदाराच्या हातात लगड देत. ब्रिटनमध्येही कैक वर्षं नवशिक्याचा ससाणा म्हणून हाच ओळखला जाई.

त्याच्या या गरीब स्वभावाचा लोकांनी वाईट फायदाही घेतला. 'बारक' म्हणून लगड वापरत. त्याच्या पापण्या दोऱ्याने अर्धवट शिवायच्या, म्हणजे लांब जात नाही. पायाला पिसांचा गठ्ठा बांधायचा, त्यात केसांचे फासे. दूरच्या चरगाला वाटायचं की हा सावज घेऊन चाललाय. तो हिसकावायला झेपावला की पाय फाशात, आणि दोघे खाली. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं.

शिकारी म्हणून? खरं सांगायचं तर लगड आळशी म्हणून बदनाम आहे. पिसांचा गोळा दोरीला बांधून फिरवला की त्यावर सुंदर झेपा घेतो, पण तितरामागे पोटतिडकीने जाईलच असं नाही. आपल्याकडे सोमेश्वर चालुक्याच्या 'मानसोल्लासा'त बाराव्या शतकात 'श्येनविनोद' नावाचा विभागच आहे. विनोद म्हणजे तिथे मनोरंजन. लगड त्या अर्थाने विनोदाचा पक्षी.

निमा_ह्यूस्टन – १८ डिसेंबर

इथली पद्धत सांगते. अमेरिकेत मनात आलं म्हणून पक्षी आणता येत नाही. लेखी परीक्षा, ८० टक्के गुण लागतात. पक्ष्याच्या खोलीची तपासणी. अनुभवी बाजदार गुरू म्हणून सही करतो आणि किमान दोन वर्षं त्याच्या हाताखाली काढायची, तेवढ्या काळात एकच पक्षी. बहुतेक जण लाल शेपटीचा बाज घेतात, तोही त्या वर्षी जन्मलेला, स्थलांतरात पकडलेला. रानात या पक्ष्यांची निम्म्याहून जास्त पिल्लं पहिलं वर्षच पाहत नाहीत, त्यामुळे हिवाळाभर सांभाळून सोडलेला पक्षी उलट बळकट होऊन जातो. मी दुसऱ्या वर्षात आहे. माझा बाज ससे धरतो. ससाणा हवा होता मलाही, पण गुरू म्हणाले, 'तुझ्याकडे रोज तीन तास आहेत का?' नव्हते.

सुरसागरकाठ – १९ डिसेंबर

सगळे प्रतिसाद भाच्याला फोनवर वाचून दाखवले, सव्वा तास लागला. त्याची उत्तरं अशी: जमीन म्हणजे गुरूच्या ओळखीच्या दोन शेतकऱ्यांची, कुंपणांची. सावज म्हणजे ससे. कुत्रा नाही. हिवाळ्यात कामावरून सुटेपर्यंत अंधार, म्हणजे खरे फक्त शनिवार-रविवार, बाकी दिवशी जेमतेम तासभर.

मग मीच विचारलं, तुझ्या यादीतला कोणता पक्षी यात बसतो? बराच वेळ काही बोलला नाही.

रानवाटा – १९ डिसेंबर

एकही नाही. आणि हे त्याला आत्ता कळलं हे फार चांगलं झालं.

जायचंच असेल तर हॅरिस बाज. ससाणा नव्हे, मान्य. मूळ अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागापासून खाली अर्जेंटिनापर्यंतचा. शिकारी पक्ष्यांत वेगळा, कारण रानात टोळीने शिकार करतो. म्हणून माणसाला टोळीतला गडी समजतो, झाडावरून झाडावर मागे येतो, ससे धरतो, कुंपणांत अडत नाही, आणि एखादी चूक पोटात घालतो. बहिरी चूक पोटात घालत नाही.

मामासाहेब – २० डिसेंबर

मला हे जड जातंय. दोन वर्षं ससाण्याचं स्वप्न पाहिलेल्या मुलाला बाज घे म्हणायचं. पण जमिनीचा हिशोब रानवाटांचाच बरोबर आहे. बहिरी पाहायचाच असेल तर जानेवारीत बडोद्याला ये म्हणावं, वढवाण्याला नेतो. १९१० साली गायकवाडी राज्याने शेतीच्या पाण्यासाठी बांधलेला तलाव, २०२१ पासून रामसर स्थळ. गेल्या हिवाळ्यात सकाळी साडेसातला बांधावर होतो. पाण्यावर हजारो वारकरी (ते काळे पाणपक्षी) आणि तलवार बदकं संथ. एकाएकी सगळे वारकरी पाणी कापत एका जागी गोळा झाले, काळा जाजम पसरल्यासारखे. बदकं उठली. वर बघतो तर बहिरी. झेप चुकली त्याची. पण पाच मिनिटं तलावावर एकही पक्षी बोलला नाही.

सुरसागरकाठ – १७ जानेवारी

धागा वर काढतेय, कारण आहे.

उत्तरायणाच्या दुसऱ्या दिवशी शेजारच्या अगाशीवर मांजात गुंतलेला एक पक्षी लोंबकळत होता. मुलांना वाटलं घार. एका मदत क्रमांकावर पाऊण तास फोन लावला, कोणी उचलला नाही. शेवटी मांजाने जखमी झालेल्या पक्ष्यांसाठी चालणाऱ्या करुणा अभियानातल्या एका स्वयंसेवकाने उतरवला. काळे डोळे, तांबूस डोकं, बारीक मिशी. माझे हात थरथरले. लगड! उजव्या पंखाच्या पुढच्या काठाची कातडी मांजाने हाडापर्यंत चिरली होती.

वनखात्याच्या परवानगीने चालणाऱ्या केंद्रात आहे. टाके घातलेत. पण पट्टी बदलायला माणूस आत गेला की ती इतकी फडफडते की टाके उसवतील अशी भीती. मादी आहे, ७०० ग्रॅम भरली. वैद्यबुवा, आजोबांची टोपी घालून पाहू का? डोक्याच्या मापाची वाटते.

पक्षीवैद्य – १७ जानेवारी

जुनी टोपी अजिबात घालू नका! पाऊणशे वर्षांच्या चामड्यात बुरशीचे कण असतात. जखमी, घाबरलेल्या ससाण्याच्या फुफ्फुसात ते गेले की पक्षी हातचा जातो. पण कल्पना योग्य आहे. अंधार झाला की ससाणा शांत होतो. त्या टोपीचा कागदी साचा काढा आणि नव्या, पातळ, वास नसलेल्या चामड्याची शिवून घ्या. डोळ्याला आतून कुठेही स्पर्श होता कामा नये, पापणी हलली पाहिजे. केंद्रातल्या डॉक्टरांना विचारूनच.

नर्मदा_लेक – १७ जानेवारी

मी उद्या बडोद्याला येतेय. काही लागलं तर सांगा. आणि बरी झाल्यावर दोरीवर उडवायला लागेल ना? स्नायू परत येईपर्यंत सोडता येणार नाही. ते कोणाला येतं इथे?

रानवाटा – १७ जानेवारी

ते बाजदारीचंच काम, ताई. लांब दोर, मोकळं मैदान, रोज थोडं अंतर वाढवायचं आणि वजन लिहायचं. भाच्याला विचारा. त्याने दोन वर्षं हेच केलंय.

सुरसागरकाठ – २६ जानेवारी

टोपी झाली. रावपुऱ्यातल्या एका मोचीकाकांनी पर्सच्या उरलेल्या बकरीच्या चामड्यातून कापली. जुनी टोपी हातात फिरवून म्हणाले, 'ज्याने ही शिवली त्याने टाका चामड्याच्या आरपार नेलेलाच नाही, अर्ध्या जाडीतून काढलाय, म्हणजे आत दोरा टोचत नाही.' मीही तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. तसेच टाके त्यांनी घातले, दोन संध्याकाळी लागल्या.

काल डॉक्टरांनी घातली. चोच खाचेत अलगद बसली. नर्मदाताईंनी वाद्या ओढल्या. लगड दोनदा डोकं झटकून थांबली, एक पाय पोटात घेतला. पट्टी बदलून झाली तरी तिने पंख हलवला नाही.

भाचा रात्री व्हिडिओवर होता. मार्चमध्ये सुट्टी टाकून येतोय, दोरीवर उडवायला शिकवेल, परवानगीचे कागद केंद्राने पाठवलेत. लेस्टरला या वर्षी पक्षी घेत नाही म्हणाला, गुरूच्या हॅरिसबरोबर एक मोसम काढणार. टोपीचा साचा मात्र त्याला लगेच हवाय.

रानवाटा – २६ जानेवारी

आम्हालाही. साच्याचा फोटो टाका, शेजारी मोजपट्टी ठेवून.